जाब

२०२३ च्या मार्चमध्ये माझी नोकरी गेली त्या दिवशी नवऱ्याच्याही आधी मी बाबांना फोन केला. इथे, अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला सकाळचे साडेअकरा वाजले होते, नाशिकला रात्रीचे नऊ. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चार्जशीट दिली का?"

"नाही, बाबा."

"मग चौकशी कधी लावलीये?"

इथे असं काही नसतं, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. बाबा सातपूरच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं फिटर होते, त्यातली चौदा युनियनच्या कमिटीवर. एखाद्या कामगारावर ठपका आला की आधी मेमो, मग चार्जशीट, मग टाइम ऑफिसशेजारच्या खोलीत चौकशी. त्या चौकशीत कामगाराच्या बाजूने बसायला बरेचदा बाबाच जायचे. चौकशी निर्मळ असायची असं नाही. दार बंद करून चालायची, चौकशी अधिकारी मॅनेजमेंटनेच नेमलेला असायचा, आणि निकाल काय लागणार हे कॅन्टीनमधल्या पोऱ्यालाही आधीच ठाऊक असायचं. गेटबाहेर ठेक्यावर आलेल्या मुलांना तर तेवढंही नव्हतं; त्यांना संध्याकाळी "उद्या येऊ नको" म्हटलं की झालं. बाबांना त्याची खंत होती, आजही आहे. पण परमनंट माणसाला काढायचं तर कारण कागदावर लिहावं लागायचं, आणि त्या कारणावर त्याला तोंड उघडता यायचं.

माझी नोकरी तेरा मिनिटांत गेली. व्हिडिओ कॉलवर माझा मॅनेजर नव्हता. एचआरमधल्या दोन अनोळखी बायका होत्या, त्यातली एक कागद वाचून दाखवत होती. पत्रात ओळ होती, "आपलं पद रद्द करण्यात आलं आहे." मी विचारलं, का? ती म्हणाली, त्याबद्दल या कॉलवर बोलता येणार नाही. मग कोणत्या कॉलवर बोलता येईल, असं मी विचारलं. ती काही बोलली नाही, आणि स्क्रीन गेली.

मी एच-वन-बी व्हिसावर होते. नोकरी सुटल्यापासून साठ दिवस. त्यात दुसरी मिळाली नाही तर मी, नवरा, तिसरीतला मुलगा, सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा. सत्तेचाळिसाव्या दिवशी मिळाली. त्या सत्तेचाळीस दिवसांचं रडगाणं मला इथे गायचं नाही. मात्र एक गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे. पैशाचं दुःख विरलं, अपमानही विरला. "का?" या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, ते मात्र विरत नाही.

इथल्या कायद्यात या नोकरीला ॲट-विल म्हणतात. मर्जीची नोकरी. मालकाची मर्जी असेतो तो ठेवेल, नोकराची मर्जी असेतो तो राहील. दोघांपैकी कुणीही कुठल्याही दिवशी कारण न सांगता उठून जावं. काही कारणं निषिद्ध आहेत. १९३५ च्या कायद्याने युनियन केली म्हणून काढता येत नाही, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून काढता येत नाही, पुढे वयाचे आणि अपंगत्वाचे कायदे आले. पण आपल्याला अशाच कारणाने काढलं हे दाखवून द्यायचं ते काढलेल्या माणसाने. कारणच सांगितलं नसेल तर त्याने ते कुठून हुडकायचं? पन्नास राज्यांपैकी एकट्या मॉन्टानाने १९८७ मध्ये कायदा करून ठरवलं, की उमेदवारीचा काळ संपला की योग्य कारणावाचून काढता येणार नाही. बाकी सगळीकडे मर्जी. कागदावर ही मर्जी दोन्हीकडे सारखी दिसते. पण मी नोकरी सोडली असती तर कंपनीला कुणी साठ दिवसांत देश सोडायला सांगितलं नसतं.

हे सगळं मी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले ते कोपऱ्यावरच्या घरात. तिथे एक वयस्क जोडपं राहतं. समोर आम्ही त्यांना नावानेच हाक मारतो, ती इथली रीत. पण घरात आपसात बोलताना ते काका-काकूच. काका मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तेहेतीस वर्षं होते, युनायटेड ऑटो वर्कर्सचे सभासद. काकू आठवीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवायच्या. माझी नोकरी गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी काकू नूडल्सचं मोठं भांडं घेऊन आल्या आणि काकांनी दारातच विचारलं, "ग्रीव्हन्स टाकलीस का?"

मला भरून आलं. तो बाबांचाच प्रश्न होता. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बाबा इथे आले होते तेव्हा हे दोघं तासन्‌तास ड्राइव्हवेवर बसायचे. बाबांचं इंग्रजी कारखान्यातलं: सीनिऑरिटी, ओव्हरटाइम, सस्पेन्शन, सेटलमेंट. काकांचंही शब्दभांडार तेच निघालं. युनियनच्या करारात योग्य कारणाशिवाय काढायचं नाही असं कलम असतं, आणि काढलंच तर वर दाद मागता येते. म्हणजे काकांनाही आयुष्यभर चार्जशीट आणि चौकशी मिळालेली होती. इथे आता दहा नोकरदारांत एक माणूस युनियनचा सभासद आहे. मी दहातली ती एक नव्हते हे कळल्यावर काका गप्प झाले.

त्यांचा ड्राइव्हवे शनिवारी पाहावा. सप्टेंबर ते नोव्हेंबर, ओहायो स्टेट विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची मॅच असेल त्या दिवशी गॅरेजचं दार वर, टीव्ही बाहेर, मोठ्या पातेल्यात चिली रटरटतेय, मुलं फळीच्या भोकात मक्याच्या पिशव्या फेकतायत. रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूस "ओ-एच!" ओरडतो आणि तुम्ही "आय-ओ!" म्हणून साद द्यायची. ओलेंटांजी नदीकाठचं ते स्टेडियम १९२२ मध्ये बांधलं, घोड्याच्या नालेसारखं, आणि त्यात लाखाहून जास्त माणसं बसतात. कॉलेजातल्या मुलांची मॅच बघायला! आधी मला हे कळायचंच नाही. आता मिशिगनविरुद्धच्या मॅचच्या आठवड्यात विद्यापीठात फिरले आणि पाट्यांवरच्या प्रत्येक इंग्रजी एम अक्षरावर लाल फुली मारलेली दिसली, की माझ्याही पोटात गोळा येतो.

३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनने इथे येऊन १३-१० ने हरवलं, सलग चौथ्यांदा. ड्राइव्हवेवर सुतक पडलं. मग एकेक तोंड उघडलं आणि सगळ्यांचं एकच म्हणणं: कोचला काढा. रायन डे यांना उद्याच्या उद्या काढा. माझा मुलगासुद्धा तेच म्हणत होता. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, एका मॅचवरून? काका म्हणाले, "चार." मग जरा थांबून म्हणाले, "पण काढणार नाहीत. परवडणार नाही." कोचचा करार मर्जीचा नसतो. डे यांचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर, ओहायोतल्या सरकारी नोकरांत सगळ्यांत जास्त. आणि विनाकारण काढलं तर उरलेल्या वर्षांचे कित्येक कोटी मोजून द्यावे लागतात. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा सात कोटींच्या वर देणं लागलं. कारण म्हणजे काय, कशाला कारण म्हणायचं आणि कशाला नाही, हे कोचच्या करारात पानभर लिहिलेलं असतं. मला कोचांचा हेवा वाटत नाही. पण कारणाची किंमत या देशाला कळते, तिचा आकडाही काढता येतो, हे मला त्या पातेल्याशेजारी उभं असताना पहिल्यांदा उमगलं.

आणि त्या मैदानावर धावणाऱ्या मुलांचं काय?

माझा धाकटा मामा कबड्डी खेळायचा. डावा कोपरारक्षक. पकडीला असा पक्का की चढाईला येणारा त्याच्या बाजूला पाय टाकायला कचरायचा. त्या जोरावर तो मध्य रेल्वेत लागला. आपल्याकडे "लागला" म्हणतात, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. रेल्वे, पोलीस, बँका, सगळ्यांचे संघ असतात. खेळाडू त्यांचा नोकर असतो. गुडघा गेला तर रेल्वेचं इस्पितळ असतं आणि खेळ संपला तर बुकिंग ऑफिसातली खुर्ची असते. मामा तिथूनच निवृत्त झाला. खेळ हे काम आहे का, असं त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने गुडघ्यावरचे टाके दाखवले असते.

इथे या प्रश्नावर सत्तर वर्षं भांडण चाललंय. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाच्या एका जखमी फुटबॉलपटूला नोकर मानून भरपाई मंजूर केली. कॉलेजं हादरली. १९५५ मध्ये त्याच राज्यात फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळताना रे डेनिसनच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला. त्याच्या बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये कोर्टाने ती नाकारली. त्याच सुमाराला कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिने एक शब्द रुजवला, "स्टुडंट-ॲथलीट". विद्यार्थी-खेळाडू. तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं, की खेळाडूंना नोकर ठरवलं जाईल या धास्तीपोटी तो शब्द घडवला होता. एका विधवेच्या अर्जाला उत्तर द्यायला लागू नये म्हणून घडवलेला शब्द आज शाळकरी मुलं अभिमानाने छातीवर मिरवतात. हे कळल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

२०१४ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या फुटबॉलपटूंनी युनियनसाठी अर्ज केला. श्रम मंडळाच्या विभागीय संचालकांनी तपासून सांगितलं, ही मुलं हंगामात आठवड्याला चाळीस-पन्नास तास राबतात, ही नोकरच आहेत. मतदान झालं. मग अपील झालं आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये वरच्या मंडळाने या प्रकरणात हात घालायलाच नकार दिला. मुलांनी टाकलेली मतं मोजलीच गेली नाहीत. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कुणी जिंकलं ते सोड. मतं टाकली होती ना, मग मोजायची."

त्यांना हे लागण्याचं कारण घरात होतं. त्यांचा नातू एका छोट्या कॉलेजात खेळतो. टीव्हीवर दिसत नाही असं कॉलेज. त्याचा खांदा निखळला. आधी बापाचा विमा, मग कॉलेजचा, आणि मधल्या फटीत पडलेली बिलं काकांच्या टेबलावर. पोरगं दुखण्यापेक्षा पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती राहते का याने कासावीस. कोच काही बोलत नव्हता. तोही गप्पच.

मोठ्या कॉलेजांत चित्र पालटलंय, हे खरं. जुलै २०२१ पासून मुलांना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मान्य केलेल्या तडजोडीनुसार कॉलेजं पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना थेट वाटू शकतात. पैसा आला, पण नोकर म्हणायला कॉलेजं अजून तयार नाहीत.

यातलं एक वाक्य मला पाठ आहे. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला. शिक्षणाशी जोडलेल्या लाभांवर एनसीएएने घातलेल्या मर्यादांपुरता तो निकाल होता, पण न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी वेगळं टिपण जोडलं आणि शेवटी लिहिलं, एनसीएए कायद्याच्या वर नाही. केवढं साधं, केवढं स्वच्छ वाक्य! मी ते वहीत उतरवून ठेवलं होतं.

तीन वर्षांनी, १ जुलै २०२४ ला, ट्रम्प यांच्यावरच्या खटल्यात राष्ट्राध्यक्षांच्या फौजदारी संरक्षणाचा निकाल आला. सहा विरुद्ध तीन, आणि सहांत कॅव्हनॉ होते. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालाचं सार असं: घटनेने केवळ राष्ट्राध्यक्षांच्याच हाती दिलेले जे गाभ्याचे अधिकार आहेत, ते वापरताना केलेल्या कृत्यांबद्दल खटलाच भरता येणार नाही, इतर अधिकृत कृत्यांबद्दल निदान संरक्षण आहे असं धरून चालायचं, खासगी कृत्यांना संरक्षण नाही.

तीन दिवसांनी चार जुलैचा बार्बेक्यू होता. काकूंनी आधीच बजावलं होतं, आज राजकारण नको. बटाट्याचं सॅलड वाढून होईपर्यंत ते टिकलं. काका ट्रम्प यांना मत देतात, काकू देत नाहीत, आणि त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली आहेत. काका म्हणाले, "प्रत्येक नवा येणारा आधीच्याला तुरुंगात घालायला लागला तर कुणी काही ठरवूच शकणार नाही. घाबरत घाबरत देश चालत नाही." ही काही टीव्हीवरची पोपटपंची नव्हती, निकालातही हाच युक्तिवाद आहे, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सूडाच्या खटल्यांनी पोखरलेले देश आपण पाहिलेत. काकू म्हणाल्या, "मी तीस वर्षं मुलांना फळ्यावर लिहून दिलं, की इथे राजा नाही. आता त्या मुलांना काय तोंड दाखवू?" मग त्या पुराव्यांबद्दल बोलल्या. अधिकृत कृत्यांचा पुरावा खासगी गुन्ह्याच्या खटल्यातही आणायचा नाही, असं बहुमत म्हणतं. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट बहुमतात असूनही या मुद्द्यावर वेगळ्या झाल्या: लाच घेऊन काही काम केलं असा आरोप असेल, तर ते काम कोणतं हे ज्युरीला सांगायचंच नाही का? काकूंनी हे इतकं समजावून सांगितलं की काकांचा काटा हातातच राहिला.

मला मत नाही. ना मतदानाचा हक्क, ना त्या टेबलावर कुणाची बाजू घ्यायचा. मी घरी आले आणि सगळा निकाल वाचून काढला, भिन्नमतासह. भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर लिहितात, की अधिकृत सत्तेच्या प्रत्येक वापरात राष्ट्राध्यक्ष आता कायद्याच्या वरचा राजा झाला आहे. शेवटी त्या म्हणतात, आपल्या लोकशाहीबद्दल भय बाळगून मी विरोध नोंदवते. आपल्या घटनेतही ३६१ वं कलम आहे. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यावर पदावर असेपर्यंत फौजदारी खटला चालत नाही. पण ते पदापुरतं, मुदतीपुरतं. पंतप्रधानांना ते नाही.

निकालात जागोजागी एका जुन्या खटल्याचा आधार होता: निक्सन विरुद्ध फिट्झजेराल्ड, १९८२. राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत कृत्यांबद्दल त्यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा तिथे ठरवलं. पाच विरुद्ध चार. हा फिट्झजेराल्ड कोण, म्हणून शोधायला बसले आणि पहाटेचे दोन वाजले.

अर्नेस्ट फिट्झजेराल्ड हवाई दलात मुलकी नोकर होते. काम खर्च तपासायचं. नोव्हेंबर १९६८ मध्ये संसदेच्या समितीसमोर त्यांना सी-फाइव्ह-ए या अवजड मालवाहू विमानाच्या खर्चाबद्दल विचारलं गेलं आणि त्यांनी खरं ते सांगितलं: खर्च ठरल्यापेक्षा सुमारे दोन अब्ज डॉलरने वर जाऊ शकतो. वरिष्ठांना ते नको होतं. जानेवारी १९७० मध्ये त्यांची नोकरी गेली. निक्सन यांच्या कार्यालयातल्या अलेक्झांडर बटरफील्ड यांची एक चिठ्ठी पुढे बाहेर आली. तिच्यात लिहिलंय, खर्चाच्या बाबतीत हा माणूस निःसंशय अव्वल, पण निष्ठेत त्याला फार कमी गुण द्यावे लागतील, आणि शेवटी सगळा खेळ निष्ठेचाच आहे. जानेवारी १९७३ मध्ये पत्रकारांसमोर निक्सन म्हणाले, तो निर्णय माझा होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रवक्त्याने सांगितलं, त्यांचा नावात घोटाळा झाला.

म्हणजे जगातल्या सर्वांत ताकदवान खुर्चीभोवतीची ही भिंत उभी राहिली ती कुठल्या युद्धावरून किंवा कुठल्या कटावरून नाही. एका माणसाला कामावरून काढलं, त्याने "का?" विचारलं, आणि उत्तर द्यायला राष्ट्राध्यक्ष बांधील नाहीत असं कोर्टाने सांगितलं. १९९७ चा पॉला जोन्स यांचा बिल क्लिंटन यांच्यावरचा खटला, ज्यात खासगी वर्तनाबद्दल पदावरच्या राष्ट्राध्यक्षांवरही दावा चालेल असं नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ठरवलं, तोही अर्कान्सा राज्याच्या एका नोकरदार बाईचाच. मी निष्ठेबद्दलचं ते वाक्य पुन्हा वाचलं आणि माझ्या तेरा मिनिटांच्या कॉलची आठवण होऊन हात गार पडले. माझं दुःख त्या माणसाच्या तोडीचं होतं असं मला म्हणायचं नाही. त्याने देशाचे पैसे वाचवायला तोंड उघडलं होतं. मी फक्त काम करत होते. पण दार बंद होतानाचा आवाज तोच होता.

त्या रात्री मला रामशास्त्री प्रभुणे आठवले. मराठी माणसाला आठवतातच. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि खुद्द सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. शाळेत हा धडा आम्ही छाती फुगवून ऐकायचो. पुढचं तितक्या मोठ्याने कुणी सांगत नाही: शिक्षा झाली नाही, शास्त्रीबुवा पद सोडून गावी निघून गेले. राघोबांना खुर्चीवरून हलवलं ते बारभाईंनी, कारभाऱ्यांनी एकत्र येऊन. जाब विचारणारा एक न्यायाधीश लागतोच, पण तो विचारून निघून गेल्यावर हिशेब लिहिणारे, पत्रं पाठवणारे, खजिना सांभाळणारे कारभारी जागेवर राहावे लागतात. फिट्झजेराल्ड तसा कारभारी होता.

म्हणून २० जानेवारी २०२५ चा दिवस मला दोन तुकड्यांत आठवतो. दुपारी बाराला, कडाक्याच्या थंडीमुळे कॅपिटॉलच्या घुमटाखाली, ट्रम्प यांचा शपथविधी. काका टीव्हीसमोर, काकू स्वयंपाकघरात. त्याच दिवशी निघालेल्या आदेशांत एक होता धोरणाशी संबंध येणाऱ्या केंद्रीय नोकरांचं संरक्षण काढून घेण्याची वाट मोकळी करणारा; म्हणजे नेमके फिट्झजेराल्ड यांच्यासारखे लोक. त्याच्या नावातच जबाबदारी पुन्हा आणण्याची भाषा होती. जाब आणि जबाबदारी, दोन्ही शब्द एकाच जबाबातून आलेले. पण जबाब कोणी कोणाला द्यायचा? खालच्याने वरच्याला तर तो देतच आलाय. मी बाबांच्या घरात वाढले. माझ्या लेखी ज्याच्या हातात काढायची ताकद, जाब त्याने द्यायचा.

आणि रात्री अटलांटात ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलं. ज्या कोचला काढायला गल्ली उठली होती तो एक्कावन्न दिवसांनी खांद्यांवर होता. काका-काकूंनी एकमेकांना मिठी मारली. त्या दिवशी त्यांच्यात तेवढंच बोलणं झालं.

फिट्झजेराल्ड यांची गोष्ट मी काकांना बरेच दिवस सांगितली नाही. त्यांना खिंडीत पकडल्यासारखं होईल असं वाटायचं. सांगितली ती २९ नोव्हेंबर २०२५ ला. ॲन आर्बरला बर्फ पडत होतं, आणि ओहायो स्टेटने मिशिगनला २७-९ ने हरवलं होतं. चार वर्षांचं ओझं उतरलं होतं. लोक पांगले, आम्ही खुर्च्या मिटत होतो. नातूही आला होता. खांदा बरा आहे, पण त्याने खेळ सोडलाय.

काकांनी सगळं ऐकलं. निक्सनबद्दल बोलले नाहीत, ट्रम्पबद्दल बोलले नाहीत. म्हणाले, "काढताना कारण काय सांगितलं त्याला?"

"पुनर्रचना. खर्च कमी करायचाय म्हणून पद रद्द."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पत्रातली ओळ त्यांनी तेव्हा स्वतः वाचली होती.

"मग नोकरी परत मिळाली का त्याला?"

मिळाली. १९७३ मध्ये नागरी सेवा आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण परत घेतलं ते जुन्या जागेवर नाही. जुनी जागा मिळायला १९८२ उजाडलं. नंतर तो २००६ पर्यंत तिथेच खर्च तपासत राहिला.

"बारा वर्षं," काका म्हणाले, आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. "तुझ्या बाबांना सांग हे."

घरी येऊन फोन लावला. नाशिकला उजाडत होतं. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांचा ठरलेला प्रश्न आला, "चार्जशीट दिली होती का त्याला?"

"नाही, बाबा. चौकशी त्यानेच मागितली. आयोग ती बंद खोलीत घेत होता. तर तो म्हणाला, लोकांसमोर घ्या. त्यासाठी वेगळा कोर्टात गेला."

"मग?"

"जिंकला. उघडी घ्यावी लागली."

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"दार उघडं ठेवून?" बाबांनी विचारलं.

"हो, बाबा. दार उघडं ठेवून."